चौपट दाब, दुप्पट धार

आमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, मोटारीच्या इंजिनातला. त्याच्या माथ्यावर कडेजवळ करंगळीचे टोक जाईल एवढे भोक आहे. भोकाच्या कडा कापल्यासारख्या नाहीत. जळत्या मेणबत्तीचे मेण ओघळून थिजावे तशा त्या दिसतात. हा पिस्टन ज्या गाडीतला आहे तिच्या मालकाने हौसेने इंजिनाला टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंखा, बसवून घेतला होता. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल लागणार, हे त्याला ठाऊक होते. हवा दीडपट होणार, म्हणून त्याने पेट्रोलचा दाबही हिशेबाने दीडपट करून घेतला: ३ बारचा ४.५ बार. गाडी जागेवर चालू ठेवली की थोडा काळा धूरही येई, म्हणजे पेट्रोल कमी नाही, उलट जास्तच आहे, अशी त्याची खात्री झाली. मग एके दिवशी घाटात पूर्ण जोर दिल्यावर हे भोक पडले.

पिस्टन जास्त पेट्रोलाने वितळला नाही, कमी पेट्रोलाने वितळला. दाब दीडपट करूनही पेट्रोल कमी कसे पडले, आणि धूर मग कसला होता? याचे उत्तर मिळवायला आपल्याला थोडे मागे जावे लागेल. इंजिनाला पेट्रोल मोजून कसे द्यायचे, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे.

आधी एक प्रयोग वर्गात करून पाहा. दोन लिटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा निमुळता भाग कापून टाका आणि तळाजवळ तीन-चार मिलिमीटर व्यासाचे भोक पाडा. भोक फार बारीक नको, नाहीतर पाणी धारेऐवजी थेंबांनी पडते. भोकाच्या वर ६ सेंटिमीटर पाणी ठेवा आणि एका विद्यार्थ्याला तांब्याने सतत भर घालून ती पातळी टिकवायला सांगा. अर्ध्या मिनिटात पडलेले पाणी मोजा. मग पातळी २४ सेंटिमीटर ठेवून पुन्हा तेच करा. मोजण्यापूर्वी वर्गाला अंदाज विचारायला विसरू नका. बहुतेक जण चौपट म्हणतील. भांड्यात जमलेले पाणी मात्र दुप्पटीच्या आसपास भरेल.

हा नियम टॉरिचेली या इटालियन शास्त्रज्ञाने १६४४ साली प्रसिद्ध केला. हवेचा दाब मोजणारा वायुभारमापक ज्याच्या नावाने ओळखला जातो तोच हा टॉरिचेली. छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. ऊर्जेच्या भाषेत कारण सोपे आहे. पाण्याचा वेग दुप्पट करायचा तर त्याची गतिज ऊर्जा चौपट करावी लागते, कारण तिच्या सूत्रात वेगाचा वर्ग येतो. आणि दाब म्हणजे दर एकक आकारमानामागे मिळणारी ऊर्जाच. तेव्हा दाब चौपट, तर धार दुप्पट. मोटारीत ३ बार दाबाखालचे पेट्रोल बारीक छिद्रातून बाहेर पडते तेव्हा या हिशेबाने त्याचा वेग सेकंदाला सुमारे २८ मीटर, म्हणजे ताशी १०० किलोमीटर भरतो. (एक बार म्हणजे साधारणपणे आपल्या भोवतालच्या हवेचा दाब, किंवा दहा मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब.) तोच वेग दुप्पट हवा असेल तर ६ बार पुरत नाहीत, १२ लागतात.

आता इंजिनाची गरज पाहू. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. लिटरमध्ये सांगायचे तर एक लिटर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा, म्हणजे एका लहान खोलीतली निम्मी हवा! इंजिन हळू चालो की जोरात, हे प्रमाण फारसे ढळता कामा नये. पेट्रोल फार जास्त झाले तर प्लग काळे पडतात, इंजिन गुदमरते. फार कमी झाले तर ते अडखळते, तापते.

पहिल्या मोटारींत हे प्रमाण बरेचसे नशिबावर सोडलेले होते. हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून नेत, आणि वाफ होईल तेवढी ती सोबत घेऊन जाई. पण पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जात आणि टाकीत जड गाळीव उरत जाई. सकाळचे पेट्रोल आणि संध्याकाळचे पेट्रोल एक नसे. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने आणि त्याच वर्षी बुडापेस्टमध्ये बांकी आणि चोंका या जोडीने पेट्रोलचे फवारे करणारा कार्ब्युरेटर बनवला. तेथून पुढे जवळजवळ शतकभर मोटारींवर त्याचेच राज्य होते.

कार्ब्युरेटरकडे आज जुनाट वस्तू म्हणून पाहिले जाते. आमच्या मते हा त्याच्यावर अन्याय आहे. हवा एका आवळलेल्या नळीतून जाते. तेथे तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. दाब किती घटतो? वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. त्या जागी उघडणाऱ्या बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, पेट्रोल ओढले जाते. किती? दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला वर्गमूळ. दोन्ही एकमेकांना खोडून काढतात आणि उरते ते असे: हवा दुप्पट, तर पेट्रोल दुप्पट. ना गणकयंत्र, ना वीज, ना एकही हलता भाग, आणि तरी हे नळकांडे गुणाकार-भागाकार करत बसलेले असते. गणित काटेकोर नसते, हे खरे. घाटमाथ्यावर हवा विरळ झाली की पेट्रोल प्रमाणाबाहेर जाते, थंड इंजिनाला चोक द्यावा लागतो. पण मूळ कल्पना फार सुंदर आहे.

त्यासाठी एक अट पाळावी लागते. जेटच्या मागच्या बाजूला पेट्रोलची पातळी कायम एकच असली पाहिजे. ते काम कार्ब्युरेटरच्या बाजूची छोटी टाकी आणि तिच्यातला तरंगता फ्लोट करतो. संडासातल्या फ्लशच्या टाकीत तरंगणारा गोळा पाणी भरले की नळ बंद करतो, अगदी तसाच. आता जरा विचार करा, ती फ्लशची टाकी उलटी केली तर काय होईल?

१९४० साली ब्रिटिश वैमानिकांपुढे हा प्रश्न अक्षरशः येऊन उभा राहिला. स्पिटफायर आणि हरिकेन या त्यांच्या लढाऊ विमानांत रोल्स-रॉइसचे मर्लिन इंजिन होते आणि त्याला कार्ब्युरेटर होता. जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ या विमानात डेमलर-बेंझचे इंजिन होते. त्यात पंपाने पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाई. पाठलाग सुरू झाला की जर्मन वैमानिक विमानाचे नाक एकदम खाली दाबून सूर मारत. त्या क्षणी विमानातली प्रत्येक सुटी वस्तू छताकडे जाते. पाळणा वरून खाली येताना आपल्या पोटात जे होते त्याचाच हा फार जोरदार प्रकार. मागे लागलेल्या ब्रिटिश विमानाने तसाच सूर मारला की त्याचे इंजिन खोकून बंद पडे. म्हणून त्यांना आधी कुशीवर पालथे होऊन मग खाली वळावे लागे, आणि तेवढ्यात शत्रू निसटे. याची उलट बाजू जास्त भयंकर होती. शत्रू पाठीशी असताना सरळ खाली सूर मारून निसटण्याची वाटच त्यांना बंद होती.

मग रोल्स-रॉइसने कार्ब्युरेटर ठेवलाच का? हा निर्णय अडाणीपणाचा नव्हता. पेट्रोल सिलिंडरच्या आधीच हवेत मिसळले की त्याची वाफ होताना हवा थंड होते. थंड हवा दाट असते. ती पुढे हवा दाबणाऱ्या पंख्यात जाते आणि इंजिनाला जास्त शक्ती मिळते. एका फायद्यासाठी दुसरा तोटा पत्करला होता. फक्त तो तोटा कोणत्या प्रसंगी समोर येईल याचा अंदाज आला नव्हता.

फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या संशोधनसंस्थेत बिॲट्रिस शिलिंग नावाच्या अभियंता काम करत होत्या. जन्म १९०९ चा, शिक्षण मँचेस्टरला विद्युत अभियांत्रिकीचे. हौस मोटारसायकलच्या शर्यतींची. १९३४ साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर त्यांनी नॉर्टन मोटारसायकलवरून ताशी १०६ मैलांच्या वेगाने फेरी मारली होती. इंजिन हाताने उघडून पाहिलेल्या या बाईंनी प्रश्नाचे दोन तुकडे केले. सूर मारताना पेट्रोल फ्लोटच्या टाकीच्या छताला जाऊन चिकटते, जेट कोरडे पडतात आणि इंजिन क्षणभर अडखळते. हा पहिला तुकडा, आणि तेवढ्याने इंजिन मरत नाही. खरा घोटाळा त्यानंतर होतो. उलट्या अवस्थेत फ्लोटला टाकी रिकामी वाटते. तो झडप सताड उघडतो. मागून इंजिनाने चालवलेला पंप दाबाने पेट्रोल रेटतच असतो. टाकी तुडुंब भरते, जेटमधून पेट्रोल नुसते ओतले जाते आणि इंजिन गुदमरून काळा धूर ओकत बंद पडते. सगळ्यांना वाटत होते की इंजिन उपाशी मरते. ते मरत होते अजीर्णाने.

रोग कळल्यावर उपाय लहान निघाला. कार्ब्युरेटरच्या आधी, पेट्रोलच्या नळीत, मध्ये भोक असलेली पितळेची एक टोपी बसवायची. पुढे तिच्याऐवजी साधा वॉशर वापरू लागले. भोकाचा आकार असा काढायचा की पंपाच्या पूर्ण दाबाखाली त्यातून इंजिनाला पूर्ण शक्तीसाठी लागते तेवढेच पेट्रोल जावे, त्याहून जास्त नाही. मग फ्लोटने कितीही मोठे दार उघडले तरी आत पूर येणार नाही. भोक थोडे लहान झाले तर ऐन लढाईत इंजिन उपाशी, थोडे मोठे झाले तर पुन्हा पूर. मर्लिनमध्ये हवा भरण्याचा दाब सगळीकडे सारखा नव्हता, काहींत चौरस इंचाला १२ पौंड तर काहींत १५. म्हणून वॉशरही दोन मापांचे करावे लागले. हवा जास्त, तर पेट्रोल जास्त, तर भोक मोठे. ही नोंद लक्षात ठेवा, आपल्या पिस्टनशी तिचा संबंध आहे.

मार्च १९४१ पासून शिलिंग आणि त्यांचे सहकारी तळातळांवर जाऊन हे वॉशर बसवू लागले. विमान कामातून बाहेर काढण्याचीही गरज नव्हती. वैमानिकांनी त्याला 'मिस शिलिंग्ज ऑरिफिस' असे थट्टेखोर नाव दिले, आणि ते सरकारी नावापेक्षा जास्त टिकले. या वॉशरने 'बॅटल ऑफ ब्रिटन' जिंकून दिली असे काही ठिकाणी वाचायला मिळते. तारखा पाहिल्या तर ते टिकत नाही. ती लढाई १९४० च्या उन्हाळ्यात आणि शरदात झाली, म्हणजे तेव्हाचे वैमानिक या वॉशरविनाच लढले. त्यांच्यापैकी किती जणांना त्याची किंमत मोजावी लागली ते सांगता येत नाही. वॉशर आला त्यानंतर, आणि दाबाखाली चालणारे फ्लोटविरहित कार्ब्युरेटर येईपर्यंत दोनेक वर्षे त्याने वेळ निभावून नेली. विमान फार काळ उलटे उडवायचे तर त्याचा उपयोग नव्हता. तसा दावाही कोणी केला नव्हता.

युद्धानंतर पेट्रोल दाबाने आत सोडण्याची पद्धत मोटारींकडे आली. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या गाडीत ती होती, पण तिचे यांत्रिक पंप महाग. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने विजेवर उघडणाऱ्या झडपा वापरून 'इलेक्ट्रोजेक्टर' बनवला आणि १९५८ च्या काही मोजक्या क्रायस्लर गाड्यांना तो बसवलाही. त्या काळच्या इलेक्ट्रॉनिक भागांना मोटारीतली उष्णता आणि धक्के सोसले नाहीत. बेंडिक्सच्या कल्पना मग जर्मनीतल्या बॉशने घेतल्या आणि १९६७ साली फोक्सवागनच्या गाडीत डी-जेट्रॉनिक ही यंत्रणा आली. अमेरिकेत धुरावर मर्यादा घालणारे कायदे येऊ लागले होते आणि कार्ब्युरेटरचे ढोबळ गणित त्यांना पुरे पडत नव्हते.

या यंत्रणेत मोजमापाची तऱ्हाच बदलली. इंजेक्टर म्हणजे विजेने उघडमीट होणारे ठरावीक आकाराचे छिद्र. पेट्रोल किती द्यायचे हे ते किती मिलिसेकंद उघडे ठेवायचे यावर ठरते. वेळ दुप्पट, तर पेट्रोल दुप्पट, हे सरळ त्रैराशिक. मात्र त्यासाठी छिद्राच्या मागचा दाब स्थिर हवा. ते काम करतो रेग्युलेटर. एका डबीत रबरी पडदा असतो. पडद्याच्या एका अंगाला पेट्रोल, दुसऱ्या अंगाला स्प्रिंग. पेट्रोलचा दाब स्प्रिंगपेक्षा वाढला की पडदा सरकतो आणि जादा पेट्रोल परत टाकीत जाते. काही रेग्युलेटरवर एक स्क्रू असतो. तो आवळला की स्प्रिंग आवळते आणि दाब चढतो. आपल्या गाडीमालकाने हाच स्क्रू फिरवला होता.

पण 'दाब स्थिर' म्हणजे कशाच्या तुलनेत स्थिर? टॉरिचेलीच्या बाटलीत धार मोकळ्या हवेत पडत होती. इंजेक्टरची धार पडते ती इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत, आणि तेथला दाब सारखा बदलत असतो. इंजिन जागेवर चालू असताना तो बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे ०.६५ बार कमी असतो. पूर्ण जोर दिला की बाहेरच्याइतका होतो. टर्बो असेल तर त्याहून जास्त. धार ठरते ती छिद्राच्या दोन बाजूंच्या दाबांमधल्या फरकावर. डी-जेट्रॉनिकमध्ये हा हिशेब नियंत्रक पेटीवर सोडला होता. १९७४ च्या एल-जेट्रॉनिकमध्ये रेग्युलेटरची स्प्रिंगची बाजू एका बारीक रबरी नळीने हवेच्या नळीला जोडली. आता आतला दाब घटला की पेट्रोलचा दाबही तेवढाच घटतो, वाढला की तेवढाच वाढतो. फरक कायम तोच राहतो. वीतभर नळी, पण काम मोठे. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास नव्या मोटारींच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरे दिसू लागली ती याच घराण्यातली. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ चे नियम लागू झाले आणि मोटारसायकलींचे कार्ब्युरेटरही गेले.

आता टेबलावरच्या पिस्टनकडे येऊ. आम्ही त्या इंजिनाची चौकशी केली तेव्हा कळले की दाब वाढवताना ती रबरी नळी काढून तिचे तोंड बंद केले होते आणि नंतर ती पुन्हा लावलीच नव्हती. नळी काढून दाब लावणे ही रीतच आहे, कारण मूळ दाब पाहायचा असतो. पुढे मात्र ती जोडायची असते. ती न जोडल्याने पेट्रोलचा दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत ४.५ बारवर खिळून राहिला.

जागेवर चालताना आतला दाब ०.६५ बार कमी, म्हणून फरक झाला ५.१५ बार. पूर्वी तो ३ होता. ५.१५ भागिले ३, त्याचे वर्गमूळ सुमारे १.३१. म्हणजे पेट्रोल ३१ टक्के जास्त. काळा धूर तो हाच. घाटात टर्बोने अर्धा बार जादा दाबाने हवा भरली. फरक राहिला ४ बार. ४ भागिले ३, त्याचे वर्गमूळ १.१५. हवा दीडपट, पेट्रोल जेमतेम १५ टक्के जास्त. पूर्ण जोरात इंजिनाला १५ ऐवजी १३ भाग हवेलाच एक भाग पेट्रोल द्यावे लागते, कारण जादा पेट्रोलची वाफ होताना आतला वायू थंड राहतो आणि मिश्रण वेळेआधी भडकत नाही. तेथे प्रमाण १७ वर गेले. मिश्रण अवेळी भडकू लागले, ज्याला मेस्त्री नॉकिंग म्हणतात. जळत्या वायूचे तापमान २,००० अंशांच्या वर असते आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते. एरवी पिस्टन वाचतो तो त्याच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या पातळ, त्यामानाने थंड वायूच्या थरामुळे. नॉकिंगचे धक्के हा थर खरवडून काढतात. पुढचे भोक तुम्हाला आता दिसत असेल.

दाब वाढवूनच हे साधायचे ठरवले असते तर? पेट्रोल दीडपट हवे, म्हणजे फरक सव्वादोनपट, ६.७५ बार. त्यात हवेचा अर्धा बार मिळवला की ७.२५. हवेच्या दाबाच्या कित्येक पटींनी पेट्रोलचा दाब चढवणारे खास रेग्युलेटर मिळतात, आणि टर्बो मागाहून बसवणारे हौशी लोक ते वापरत आले आहेत. पण ३ बारसाठी केलेला पंप ७ बारवर तेवढे पेट्रोल देऊ शकत नाही. दाब चढेल तसा त्याचा ओघ आटतो. वर्गमूळ एकीकडून अडवते, पंप दुसरीकडून.

छिद्राचे क्षेत्रफळ मात्र वर्गमुळात अडकत नाही. क्षेत्रफळ दीडपट, तर पेट्रोल दीडपट. शिलिंगबाईंचे वॉशर दोन मापांचे होते ते यासाठीच. त्या गाडीत नंतर मोठ्या छिद्राचे इंजेक्टर आणि मोठा पंप बसवला, नियंत्रक पेटीतले वेळेचे आकडे नव्याने भरले, रेग्युलेटरचा स्क्रू मागे फिरवून दाब पुन्हा ३ बारवर आणला आणि रबरी नळी जागच्या जागी लावली. पिस्टन बदलताना निघालेला जुना आम्ही मागून घेतला.